बावन्न रविवारांचे गोल

मुलुंड पूर्व
सोमवार, १४ जुलै १९८६

प्रिय दत्ता,

सप्रेम जय भीम.

काल रेडिओ लावला होतास का? नसशीलच लावला. तर ऐक, 'दहा पायऱ्या'त आपलं गाणं आलं. आठव्या पायरीवर. मी बशीत चहा ओतत होतो आणि ती निवेदिका बाई म्हणाली, "आठव्या पायरीवर या आठवड्यात नवं गाणं, जुहूच्या वाळूत, गायक चंद्रप्रकाश." मला आधी वाटलं दुसराच कुणी चंद्रप्रकाश असेल. तीस वर्षं तुला दत्ता मोंडकर म्हणून हाक मारतोय, तुझं रेडिओचं नाव माझ्या डोक्यातच राहत नाही. मग अकॉर्डियन वाजला. तो मात्र शंभर टक्के माझाच. अंतऱ्याच्या आधी माझा एक सूर घसरलाय, तो मी झोपेतही ओळखीन.

वीस वर्षांपूर्वी हेच गाणं तबकडीवर आलं तेव्हा तू, वहिनी आणि मी असे तिघं जुहूला भेळ खायला गेलो होतो, आठवतं? आता कॅसेटवर पुन्हा गायलास आणि पुन्हा लोक मागतायत. पन्नाशी उलटल्यावर हे कुणाला मिळतं रे? झकास झालं.

आता कामाचं. कॅसेट कंपनीचा विद्याधर भेटला. तो म्हणतो, दसऱ्यापर्यंत गाणं पहिल्या तीन पायऱ्यांत गेलं तर दुसरी कॅसेट काढू, आणि वाजवणारी माणसं तुमचीच घेऊ. नाही गेलं तर सगळं कॅसिओवर. तुला माहीत आहे ना कॅसिओ? एक माणूस एका बोटाने बासरी वाजवतो, दुसऱ्या बोटाने सतार आणि तिसऱ्याने मी. मार्चपासून मला एक रेकॉर्डिंग आलेलं नाही. अकॉर्डियन खाटेखाली आहे. शकु झाडताना त्याला बाजूला सारते तेव्हा तो थोडा कण्हतो, तेवढंच त्याचं वाजणं.

वहिनींना जाऊन सहा महिने झाले. स्मशानातून परतलो त्यानंतर मी तुझ्याकडे आलो नाही, हे मला टोचतं. पण साखरेने पायाची करंगळी खाल्ली, डॉक्टरने काढून टाकली, आता पट्टी बांधून घरात बसतो. बोरिवलीपर्यंत यायला जमत नाही. म्हणून पत्र.

उत्तर पाठव. दर आठवड्याला कितवी पायरी ते कळवत जाईन.

तुझा,
भाऊराव


बोरिवली पूर्व
२९ जुलै १९८६

प्रिय भाऊराव,

जय भीम.

पत्र मिळालं. त्यानंतरची दोन कार्डंही मिळाली. सातवी, मग सहावी. बरं झालं.

रेडिओ कपाटावर आहे. त्यातले सेल मी फेब्रुवारीत काढले, पाझरून खराब होतात म्हणून. दूध केंद्रावर एक बाई म्हणाल्या, तुमचं गाणं लागतं हो. मी हो म्हटलं आणि पिशवी घेऊन घरी आलो. आनंद झाला असता तर तुला कळवलं असतं. खोटं कशाला लिहू? वाईटही वाटलं नाही. दाढेला सुई टोचल्यावर गाल आपला असूनही आपला वाटत नाही, तसं सगळ्या अंगाचं झालं आहे. जेवतो, झोपतो, फिरायला जातो. अनुपमा ठाण्याहून दर गुरुवारी डबा आणते आणि माझ्या तोंडाकडे बघत बसते. लेकीला वाटतं मी तिच्यापासून काही लपवतोय. लपवायला काही असायला हवं ना.

एक गोष्ट सांगतो. तुला माहीत नसेल. विमला 'दहा पायऱ्या' ऐकायची तेव्हा माझं गाणं असलं की कॅलेंडरच्या रविवारात नंबर लिहायची. असली किती गाणी, वर्षातून चार-पाच आठवडे. पण लिहायची. जुनी कॅलेंडरं गादीखाली आहेत. मी तिला चिडवायचो, म्हणायचो, तू काय शाळेतली बाई आहेस काय, हजेरी घ्यायला? ती म्हणायची, गप रव, तुका काय कळता.

डिसेंबरात आपण ही कॅसेट केली तेव्हा ती काचेपलीकडे बसली होती. त्याच आठवड्यात तिने यंदाचं कॅलेंडर आणलं आणि पेन्सिलने सगळ्या रविवारांना गोल करून ठेवले. बावन्न. म्हणाली, यंदा दर रविवारी असणार, रोज रोज शोधायला नको. संक्रांतीच्या आठवड्यात ती गेली. मी महिन्याचं पान उलटतो तेव्हा नवे चार-पाच गोल समोर येतात. रिकामे. मी त्याच्याकडे बघतो आणि भात टाकतो.

म्हणून नंबर कळवू नकोस, भाऊराव. माझा त्यात जीव नाही. तुझ्या पायाला जप.

दत्ताराम


मुलुंड पूर्व
१८ ऑगस्ट १९८६

प्रिय दत्ता,

सप्रेम जय भीम.

चौथी पायरी. कळवू नको म्हणालास तरी कळवतोय, रागाव हवं तर. तू रागावलास तर निदान कळेल की आत कुणी आहे.

तुझं पत्र शकुला वाचून दाखवलं. गोलांचं वाचलं तेव्हा ती उठून आत गेली आणि तिने उगाच भांडी घासली.  तरीपण मला एक सांगायचंय, आणि मी ते मऊ करून सांगणार नाही. तुला मिळतंय आणि तुला नको आहे. मला हवंय आणि मला कुणी विचारत नाही. गाणाऱ्याचं नाव रेडिओवर घेतात, वाजवणाऱ्याचं कधी घेतात का? तरी मी कधी तक्रार केली नाही. पण दुसरी कॅसेट झाली तर मी पुन्हा स्टुडिओत बसेन. बारा गाणी, कमीत कमी पंधरा दिवस. माझ्या पुढच्या आयुष्यात एवढंच शिल्लक असेल कदाचित, आणि ते तुझ्या 'बरं झालं'वर लटकलंय. मला याचा त्रास होतो, दत्ता. लिहून टाकलं.

लोकांना गाणं आवडतंय रे. नुसतं गोवंडीचं मैत्री श्रोता मंडळ घे. दर रविवारी ती बाई आपल्या गाण्याच्या आधी त्यांची नावं वाचते, वाचून दमते. धोंडू, रुक्मिणी, राजाराम, लता आणि घरची सगळी मंडळी. मागणीची चाळीस चाळीस पोस्टकार्डं येतात म्हणे. कुणी सांगितलंय त्यांना? कुणीच नाही. आपणहून पाठवतात. आपल्या गाण्यावर जीव आहे त्यांचा.

विद्याधर परवा भेटला, म्हणाला, चंद्रप्रकाशना तयार ठेवा. मी म्हटलं, तयारच आहेत. आता मला तोंडघशी पाडू नकोस यार.

पाय तसाच. घराबाहेर पडणं नाही.

तुझा,
भाऊराव


बोरिवली पूर्व
८ सप्टेंबर १९८६

प्रिय भाऊराव,

जय भीम.

काल गणपती बसले. आमच्याकडे बसत नाहीत. यंदा गावीही गेलो नाही. सबंध बिल्डिंगीत आरत्या चालू होत्या आणि घरात बसवेना, म्हणून गोवंडीला गेलो. तूच लिहिलं होतंस, त्यांचा जीव आहे. म्हटलं, कुणाचा तरी असेल तर बघून यावं.

मैत्री श्रोता मंडळ म्हणजे धोंडूचं शिंप्याचं दुकान. कापड बेतायच्या टेबलावर रेडिओ, शाईची गादी आणि मंडळाचा रबरी शिक्का. रविवारी दुकान बंद असतं तेव्हा आठ-दहा जण जमतात आणि कार्डं लिहितात. मी आत गेलो, म्हटलं, मला मंडळाचं काम बघायचं आहे. धोंडूने स्टूल दिलं, चहा मागवला. मला कुणी ओळखलं नाही.

मी विचारलं, हे जुहूच्या वाळूत तुम्हाला एवढं का आवडतं? धोंडू हसला. म्हणाला, "गाणं कुठलं का असेना, साहेब. हे नवीन आलं तेव्हा याला कार्डं कमी होती. खालच्या पायरीवर कार्डं कमी, म्हणून सगळ्यांची नावं वाचतात. म्हणून धरलं." मी म्हटलं, आणि गायक? तो म्हणाला, "चंद्रप्रकाश म्हणजे आमच्या वडिलांच्या वेळचा. असेल का गेला, काही माहीत नाही." मी म्हटलं, असेल.

तिथे रुक्मिणीबाई म्हणून एक आजी होत्या. इकडच्या नाहीत, इगतपुरीकडच्या. लिहिता येत नाही, धोंडू त्यांचं कार्ड लिहितो, त्या शिक्का मारतात. त्या म्हणाल्या, "माझी थोरली बहीण तिकडं गावाला आसती. तिला बी लिवता येत न्हाई, मला बी न्हाई. रेडिओत माझं नाव आलं की तिला कळतं, रुकी बरी हाय." सहा वर्षं असं चाललंय. गाणं त्या ऐकतच नाहीत. नाव झालं की घरी जातात.

आता यातली गंमत ऐक. आपलं गाणं वर चढलं, चौथी, तिसरी. वर कार्डांचे ढीग, म्हणून बाई चार नावं वाचते आणि बाकीच्यांना 'इतर असंख्य श्रोते' म्हणते. रुक्मिणीबाईंचं नाव लागोपाठ तीन रविवार आलं नाही. बहिणीने तिकडे जेवण सोडलं. शेवटी भाच्याला एसटीत घालून बघायला पाठवलं, मावशी आहे की नाही. धोंडू म्हणाला, "गाणं फार चढलं, आता उपयोगाचं राहिलं नाही. पुढच्या आठवड्यापासून दुसरं धरणार."

मी उठताना धोंडूने आणखी एक सांगितलं. मुलुंडचे एक वाद्यवाले काका जुलैपासून कोऱ्या कार्डांचे गठ्ठे आणून देतात, याच गाण्यासाठी. भला माणूस. पायाला पट्टी आहे, तरी दोन बसगाड्या बदलून येतो.

भाऊराव, तू गोवंडीला जाऊ शकतोस. बोरिवलीला येऊ शकत नाहीस.

मला राग यायला हवा होता. परत येताना बसमध्ये मी वाट बघत होतो, आता येईल, आता येईल. नाही आला. तेवढं मात्र वाईट वाटलं.

दुसरी कॅसेट मी गाणार नाही. विद्याधरला तू सांग किंवा मी सांगतो.

दत्ताराम


मुलुंड पूर्व
१५ सप्टेंबर १९८६

दत्ता,

जय भीम.

होय, दिली कार्डं. मीच दिली. शकुला डॉक्टरकडे जातो म्हणून सांगायचो आणि गोवंडीला जायचो. तुझं पत्र आलं तेव्हा तिलाही कळलं, आणि ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. घरीच बसून ऐंशी-नव्वद कार्डं मी स्वतःही लिहिली. शेजारच्या बिल्डिंगमधल्या पाट्या वाचून नावं घातली. डाव्या हाताने अक्षर बदललं. काय काय नाही केलं? रत्नप्रभा म्हणून कुणी बाई तिसऱ्या मजल्यावर आहेत, त्यांचं नाव रेडिओवर वाचलं तेव्हा त्यांच्या नवऱ्याने विचारलं, हा चंद्रप्रकाश कोण? तिथे माझी वाट लागायची बाकी होती.

मला काम हवं होतं. हे एक.

दुसरं लिहायला जड जातंय. गोवंडीला गेलो आणि बोरिवलीला आलो नाही, कारण गोवंडीत वहिनींची खुर्ची नाही. तुझ्या घरात शिरलं की त्या विचारायच्या, भाऊजी, आधी चहा की आधी जेवण? तीस वर्षांत मला त्या घरात दुसरं वाक्य पहिलं ऐकू आलेलं नाही. आता दार तू उघडणार आणि तू काहीच बोलणार नाहीस. मी काय करू तिथे? मला भीती वाटली, दत्ता. स्मशानात तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, तुझी छत्री राहिली बघ. मला त्या क्षणी वाटलं, दोघंही गेले. म्हणून पायाचं निमित्त केलं. करंगळी खरंच काढलीय, पण ते निमित्तच.

कार्डं आता बंद. धोंडूलाही निरोप दिला. काल दुसरी पायरी होती, आता घसरेल. घसरू दे. विद्याधरला मीच सांगतो. अकॉर्डियन विकणार नाही, एवढं मात्र शकुकडून कबूल करून घेतलंय.

रुक्मिणीबाईंचं वाचलं आणि माझी मलाच लाज वाटली. मी वर ढकलत होतो आणि खाली ती म्हातारी अडकली होती. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

नंबर आता कळवणार नाही. तुझ्या मनासारखं झालं.

भाऊराव


बोरिवली पूर्व
६ ऑक्टोबर १९८६

प्रिय भाऊराव,

जय भीम.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी उत्तर लिहायला बसलो होतो. जमलं नाही. एक काम हातात होतं, ते झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं.

गोवंडीहून आलो तेव्हा धोंडूने दिलेलं एक कोरं कार्ड खिशात होतं. तुझ्याच गठ्ठ्यातलं असणार. दोन दिवस टेबलावर पडून होतं. मग मी त्यावर लिहिलं, जुहूच्या वाळूत, गायक चंद्रप्रकाश, मागणी करणार विमला दत्ताराम मोंडकर, बोरिवली पूर्व. सबंध आयुष्यात मी स्वतःच्या गाण्यासाठी एक कार्ड लिहिलेलं नाही. तुम्ही लोक लिहायचात हे कळायचं, तरी मी हात लावला नाही. आता लिहिलं आणि लाज वाटली नाही. गाणं मला नकोच होतं. मला फक्त तिचं नाव एकदा कुणीतरी दुसऱ्याने घेतलेलं ऐकायचं होतं. इथे ते कुणी घेत नाही. अनुपमा 'आई' म्हणते आणि थांबते. शेजारी 'तुमच्या मिसेस' म्हणतात. तूसुद्धा वहिनी लिहितोस. विमला कुणी म्हणतच नाही.

सेल आणले. पहिल्या रविवारी नाव नाही. इतर असंख्य श्रोते. पुन्हा कार्ड टाकलं. पुढच्या रविवारी नाही. मला वाटलं, हिलाही इतरांत घातलं. तिसऱ्याला नाही. काल चौथा. गाणं घसरलेलं असणार, कारण बाई निवांत होती, एकेक नाव नीट घेत होती. गोवंडीचं कुणीच नव्हतं. चारपाच नावं झाली, कल्याणची, भांडुपची, आणि मग ती म्हणाली, "आणि बोरिवली पूर्वहून विमला दत्ताराम मोंडकर."

शेवटचं नाव तिचं. मग गाणं लागलं.

भाऊराव, मी रडलो. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. गॅसपाशी उभा होतो, तिथेच खाली बसलो. तुझा तो घसरलेला सूर आला तेव्हा हसूही आलं, कारण ती तेव्हा काचेपलीकडून मला बोट दाखवून सांगत होती, भाऊजी चुकले, पण परत नको, राहू दे. तिनेच राहू दिलाय तो. तुला मी हे सांगितलंच नव्हतं.

आता बरा आहे असं म्हणणार नाही. आज सकाळी पुन्हा तेच, गाल माझा नाही. पण काल होता, अर्धा तास तरी.

विद्याधरला मीही भेटलो. सांगितलं, गायचं तर भाऊराव वाजवणार, नाहीतर नाही. तो म्हणाला, गाणंच घसरलंय, आता कंपनी ऐकणार नाही. मी म्हटलं, बरं. तुझं त्यात नुकसान झालं. ते माझ्यामुळे झालं, आणि ते मला कळतं. या वेळी नुसतं 'बरं झालं' म्हणत नाही.

एक विनंती. कॅलेंडर खाली काढलंय. तुझी पत्रं आणि कार्डं घेऊन बसलो आणि जेवढे नंबर सापडले तेवढे गोलांत भरले. आठ, सात, सहा, चार, दोन. धोंडूने सांगितलेला तीन. शाईने लिहिले. तिचं अक्षर बारीक होतं, माझं गोलाबाहेर जातं. मधले काही रविवार रिकामे आहेत, तुझ्याकडे असतील. आणि कालचा. बाईने आधी पायरी सांगितली असणार, पण मी चारही रविवार नावासाठीच कान देऊन बसलो होतो, नंबर ऐकलाच नाही.

काल कितवं होतं रे? तेवढं कळव.

दत्ताराम


(पोस्टकार्ड)

मुलुंड पूर्व
८ ऑक्टोबर १९८६

दत्ता,

जय भीम. काल पत्र आलं. नंबर कळवणार नाही म्हणालो होतो, तरी मी दर रविवारी लिहून ठेवत होतो. ३ ऑगस्ट पाच, १० ऑगस्ट पाच, २४ ऑगस्ट चार, ३१ ऑगस्ट तीन, २१ सप्टेंबर पाच, २८ सप्टेंबर सात. बाकीचे तुझ्याकडे आहेत.

रविवारचं आम्हीही ऐकलं. नाव आलं तेव्हा शकुच्या हातात पीठ होतं. ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "म्हणजे वहिनी बऱ्या आहेत." 

शनिवारी दोघं येतो. अकॉर्डियन घेऊन. दार उघडल्यावर तू गप्प राहिलास तरी चालेल, चहा मीच टाकीन. रविवारी साडेनऊला रेडिओ लावू. गाणं यादीत असेल किंवा नसेल.

गेल्या रविवारी दहावं होतं. सगळ्यात खालची पायरी. शाईने लिही.

भाऊराव